खालच्या आळीला मेसेज गेला नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या युसूफचाचाजवळ तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या पारावर तुमची-माझी गाठ पडणार नाही, म्हणून असेल. बघा — सुरुवातीलाच पळवाट शोधली. स्वभावच तसा आहे माझा.

एका माणसाला मी गावासमोर खोटं पाडलं. तो खरं बोलत होता आणि ते मला माहीत होतं. नुसता अंदाज नव्हता, डोळ्यांनी बघितलं होतं मी. एवढं बोललो की खरं तर सगळं बोलून झालं. पण इथंच थांबलो तर ते अर्धंच होईल, आणि अर्धं सांगण्यात मी फार पटाईत आहे.

मेहकरहून सुलतानपूरकडे जाताना मधे आत वळलं की आमचं गाव. नाव सांगत नाही. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करतो. काम काय, तर सॉफ्टवेअरवर देखरेख. कुठं काय बिघडलं, केव्हा बिघडलं, कशामुळं बिघडलं, हे कळावं अशी व्यवस्था लावून देणं. कंपनीत या विषयातला जाणकार म्हणून माझं नाव घेतात. नवीन पोरांना मी शिकवतो — जे दिसत नाही त्याची आधी काळजी करा! चांगलं वाटतं ऐकायला, नाही का?

आता आमच्या नळाचं ऐका. आमच्याकडे नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात आठवडा उलटतो, कधी त्याच्याही पुढं जातं. आळीआळीनं पाळी असते आणि व्हॉल्व्ह सोडायचं काम युसूफचाचाकडे. हातात ती लांब लोखंडी चावी, डोक्याला रुमाल, तोंडात सुपारी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. व्हॉल्व्ह सोडला की तो त्याच चावीनं लायटीच्या खांबावर ठोकायचा. दणदणून ठोकायचा! सगळी आळी हंडे-ड्रम घेऊन बाहेर यायची, आणि एखादी बाई उशिरा आली की हा तिलाच ओरडायचा, "काऊन वो, कान गहाण ठेवले का?" त्याला त्या ठोकण्याची भारी हौस होती.

मला ते ठोकणं मागासलेलं वाटायचं. लोक शेतात असतात, बाजाराला जातात, त्यांना कुठलं ऐकू येणार? म्हणून मी गावासाठी फुकटात एक व्यवस्था केली. चाचाच्या मोबाइलवर प्रत्येक आळीच्या नावाचं बटण. व्हॉल्व्ह सोडला की बटण दाबायचं. लगेच त्या आळीतल्या घराघरात मेसेज — नळ आला. चाचाच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटायची. झालं काम.

यात चोवीस तास चालू असलेला आपला असा एकही कॉम्प्युटर नसतो. दूर कुठंतरी भाड्याच्या जागेत छोटे छोटे प्रोग्रॅम झोपलेले असतात. काही घडलं की त्यातला एक उठतो, आपलं काम करतो आणि परत झोपतो. चाचानं बटण दाबलं — ही एक घटना. ती घटना ऐकून मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम वेगळा. दोघांची एकमेकांशी ओळख नसते. पंगतीत कुणीतरी "भाजी!" म्हणून हाक मारतो, तसंच. हाक मारली की त्याचं काम संपलं. भाजीचं भांडं घेऊन कुणी निघालंय की नाही, हे तो बघत बसत नाही. हिरव्या खुणेचा अर्थही तेवढाच होता की हाक मारली गेली. मेसेज पोचले असा तिचा अर्थ नव्हता. हे मी चाचाला कधी समजावून सांगितलं? नाही. त्याला खूण आवडली होती. पारावर बसलेल्यांना मोबाइल दाखवायचा, "पाह्य, हिरवं झालं!" म्हटलं राहू दे, कशाला डोक्याला ताप?

आणि खांबावर ठोकणं मीच बंद करायला लावलं. पाणी समितीचे अध्यक्ष भास्करकाका, त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की लोकांना मेसेजची सवय लागायची असेल तर हा ठणठणाट थांबवा. चाचा आठवडाभर माझ्यावर फुगून होता. मग त्या हिरव्या खुणेनं त्याचा राग घालवला.

आता चुकीकडे येतो. चुकीकडे म्हणतोय, गुन्ह्याकडे अजून नाही.

या व्यवस्थेवर मी एक अलार्म लावला होता. मेसेज गेले नाहीत तर माझा मोबाइल वाजेल. छान. पण हा अलार्म लावताना एक प्रश्न विचारतात — काहीच माहिती आली नाही तर काय समजायचं? गडबड समजायची की सगळं ठीक आहे असं समजायचं? मी आधी, शहाण्यासारखं, गडबड समज असं सांगितलं होतं. आणि मग तो अलार्म वाजायला लागला. रोज! कारण आमच्याकडे नळच रोज येत नाही. आज बटण दाबलं नाही, वाजला. उद्याही नाही, परत वाजला. पुण्याच्या लोकांशी व्हिडिओवर बोलत असताना वाजला, जेवताना वाजला, सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात बसलो होतो तिथं वाजला. डोकं फिरायची वेळ आली. ज्यानं हे सॉफ्टवेअर केलं त्याच्या गावात रोज पाणी येत असणार, त्याला काय कळणार की कुठंतरी काहीच न येणं हीच नेहमीची गोष्ट असते? मी वैतागून सेटिंग उघडलं आणि बदललं. काहीच आलं नाही तर सगळं ठीक आहे असं समज. त्या दिवसापासून पूर्ण शांतता.

हे करू नका, असं मी दुसऱ्यांना शिकवायचो. शब्दशः हेच.

पुढं गावात नवी टाकी झाली. पाण्याचे दोन भाग झाले, वरचा आणि खालचा. मलाही माझी व्यवस्था दोन भागांत करावी लागली. घाई होती. आजूबाजूच्या गावांतले लोक बघायला येणार होते, ग्रामसभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता. वरच्या भागाची घटना ऐकणारा प्रोग्रॅम जोडला. खालच्या भागाचा जोडायचा राहिला. बस, एवढंच. तपासून बघितलं ते वरच्या भागाचं बटण दाबून. मेसेज आला. पाठ थोपटून घेतली आणि सत्काराला कुठला शर्ट घालायचा ते बघायला लागलो.

वैशाखातली दुपार. खालच्या आळीतल्या एका घरचं लग्न होतं मेहकरला, झाडून सगळी आळी तिकडं गेलेली. जाताना बायकांनी आपापसांत ठरवलं होतं की मेसेज आला की दोघी-तिघींनी रिक्षा करून परत यायचं आणि सगळ्यांचे ड्रम भरायचे. मेसेज आलाच नाही. संध्याकाळी वऱ्हाड नवरी घेऊन गावात आलं, तर आळीत नाली भरून वाहत होती आणि घरात ड्रम कोरडे. उघड्या नळांतून सगळं पाणी वाहून गेलेलं. उंबऱ्यात नवरी उभी, आणि तिचे पाय धुवायला कुठल्या घरातून पाणी आणलं असेल? वरच्या मोहल्ल्यातून. तिथं सगळ्यांचं भरलेलं होतं, कारण तिथं मेसेज आला होता. आणि वरच्या मोहल्ल्यात युसूफचाचाचं घर.

लोकांनी दोनाला दोन जोडले. तुम्ही-आम्हीही जोडले असते.

आमचं घर वरच्या भागात, पण माझी आईही त्या लग्नाला गेली होती; परत आली तीच धुमसत. "त्या युसूफनं बटनच दाबलं नाही म्हनतात. आपल्या मोहल्ल्याले सांगतलं, खालच्या आळीले नाही. तू पाह्य बरं तुह्या कम्प्युटरात." मी पाहिलं. चहा थंड व्हायच्या आत सापडलं. प्रत्येक घटनेची नोंद आपोआप होत असते, आणि त्यात ती दुपारची नोंद स्वच्छ होती — खालची आळी, युसूफ, बटण दाबलं. त्याच्यापुढं काही नाही. ऐकणारा कुणी नव्हताच. अलार्म का वाजला नाही? कारण एकही मेसेज फसला नव्हता. फसायला आधी तो निघायला तर हवा! काहीच आलं नाही, म्हणून सगळं ठीक. मीच शिकवलं होतं त्याला.

मी काय केलं, तर राहिलेला प्रोग्रॅम जोडून टाकला. किरकोळ काम होतं. आईनं विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, बघतोय अजून. इथंही सांगता आलं असतं. इथं सांगितलं असतं तर नुसती चूक होती. लोक थोडं हसले असते, भास्करकाकांनी चार शब्द सुनावले असते, चाचानं तर वर्षभर पारावर माझी फिरकी घेतली असती. एवढंच झालं असतं ना? पण मला तो हार दिसत होता, शाल दिसत होती, बघायला येणारे लोक दिसत होते. शरमेपेक्षाही चिडचिड जास्त होत होती. चाचावर चिडलो होतो, लग्नाला गेलेल्या आळीवर चिडलो होतो, नळावर चिडलो होतो. स्वतःला सोडून सगळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या हॉलमधे समिती बसली. खालची आळी दारापर्यंत उभी. चाचा मधे खुर्चीवर, चावी मांडीवर आडवी. लोक ओरडत होते आणि हा माणूस शांत होता, त्याच्या मानानं फारच शांत. का होता शांत? तेच तर सांगायला जीभ उचलत नाही माझी. त्याला खात्री होती की त्याच्या बाजूनं साक्षीदार आहे.

"प्रवीणले इचारा," तो म्हणाला. "त्याच्या कम्प्युटरात सगळं राह्यते. म्या बटन दाबलं, हिरवं झालं होतं. तो सांगन."

सगळे माझ्याकडे वळले. भास्करकाकांनी विचारलं, "सांग रे प्रवीण. दाबलं होतं का यानं?"

मी म्हणालो, "नोंद नाही, काका."

हेच. यासाठीच एवढं फिरून आलो. कुणी धमकावलं नव्हतं, नोकरी जाणार नव्हती, पोटावर पाय येणार नव्हता. सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ खोटं उत्तर दिलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. कंपनीत आकडे सांगतो तसं सांगितलं.

चाचानं लगबगीनं मोबाइल काढला. खूण शोधत होता. पण ती दुसऱ्या दिवशी आपोआप पुसली जाते, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मीच तसं केलं होतं. तो बोटानं वर-खाली करत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर आज मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तो विचारात पडला होता. डोळे बारीक करून आदली दुपार आठवून पाहत होता. आणि मग म्हणाला, "मंग माह्याच हातून राह्यलं असन. मले तर वाटलं दाबलं म्हनून. वय झालं आता."

मागून कुणीतरी बोललं, "आपल्या लोकायचं बराबर याद राह्यते!"

हॉलमधे कुणी त्याला गप्प केलं नाही. भास्करकाकांनी नाही, मीही नाही. हे वाक्य माझ्या एका शब्दानं खोटं पडलं असतं आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलो होतो. त्यानं चाळीसेक पावसाळे या गावाला पाणी सोडलं असेल, आणि कुणाच्या आळीला कमी, कुणाच्या आळीला जास्त असं त्याच्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. आता बोललं. माझ्यामुळं बोललं. समितीनं काढायच्या आधी त्यानंच चावी उचलून टेबलावर ठेवली. ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

सत्कार झाला माझा. शाल अजून कपाटात आहे.

तुम्ही म्हणाल, बोलून गेलास त्या वेळी, पुढं सावरता आलं असतं की. आलं असतं! ती नोंद अजून तिथंच होती. या नोंदी काही आठवडेच राहतात, मग आपोआप पुसल्या जातात, फुकट मिळणाऱ्या जागेत बसावं म्हणून मीच तसं ठेवलं होतं. पण पुसू नको असं सांगायला एक टिचकी पुरते. किंवा मोबाइलनं फोटो काढायचा आणि भास्करकाकांच्या हातात द्यायचा. मी काय करत होतो? अधूनमधून उघडून ती ओळ आहे का ते बघत होतो. किडलेल्या दाताला जीभ लागावी तसं. आहे. आहे. अजून आहे. आणि मग एक दिवस उघडलं तर तिथं काही नव्हतं. तुम्हाला वाटेल मला धस्स झालं असेल. मला हायसं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि दुपारी झोपही काढली.

अजून एक आहे, तेही सांगूनच टाकतो. पुढं कंपनीत मी एक व्याख्यान दिलं. विषय — शांतता म्हणजे आरोग्य नव्हे. त्यात उदाहरण म्हणून हीच गोष्ट वापरली. नळ, बटण, कोरडे ड्रम, सगळं. फक्त म्हणालो, "एका ग्राहकाकडे असं झालं होतं." फार आवडलं लोकांना. टाळ्या पडल्या. एका मुलीनं विचारलं, त्या व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचं पुढं काय झालं? मी म्हटलं, त्याचा दोष नव्हता हे लगेच सिद्ध झालं. नोंदी होत्या ना!

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मलकापूर स्टेशनवर युसूफचाचा दिसला. मी मुंबईकडच्या गाडीची वाट बघत होतो. तो आता मलकापूरला लेकीकडे राहतो. लेक शबाना सोबत होती, दोघं कुणाला तरी सोडायला आले होते. मी खांबाआड सरकलो होतो, पण त्यानंच हाक मारली, "बाबू!" जवळ आला. रुमाल नव्हता डोक्याला. ओरडणं तर राहिलंच, आवाजच बसल्यासारखा. दोन वाक्यं बोलला आणि वळून लेकीला विचारलं, "घराले कुलूप लावलं ना म्या?"

"हाव अब्बा. लावलं. तुम्ही दोनदा वढून पाह्यलं."

थोड्या वेळानं परत विचारलं. तो पाण्याची बाटली भरायला पुढं गेला तेव्हा शबाना हळूच म्हणाली, "भाऊ, यायले आता सोताचाच भरोसा नाही राह्यला. गॅस बंद केला तरी चार खेपा जाऊन पाह्यतात. निजेतून उठून नळ पाह्यतात. त्या पान्याच्या भानगडीपासून असंच चालू हाये."

म्हातारपणामुळं नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणे, डोकं ठणठणीत आहे.

गाडी येत असल्याचं सांगायला लागले. चाचानं माझा हात धरला. मला वाटलं आता विचारणार. म्हटलं विचारलं तर सांगून टाकू, इथंच, या गर्दीत. पण तो म्हणाला, "बाबू, तुले एक सांगाचं राह्यलं होतं. माह्यापायी तुह्या मशीनवर नाव आलं असतं. लोकं म्हनत होते मशीनच खोटी हाये. म्या साऱ्यायले सांगतलं, मशीन खरी हाये, मीच इसरलो. माफ कर बापा."

आणि मी — तुम्हाला खरं वाटणार नाही — मी त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हणालो, "जाऊ द्या चाचा. होतं असं."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी त्याला माफ केलं होतं ना! गाडी आली, मी चढलो, खिडकीतून हात केला. त्यानंही केला. मग तो लेकीकडे वळून काहीतरी विचारत होता. काय विचारत असेल ते मला ऐकू आलं नाही, पण माहीत आहे.

युसूफचाचानं त्या दुपारी खालच्या आळीचं बटण दाबलं होतं. नोंद होती. मी बघितली होती.